आधी प्रत, मग दुरुस्ती

ऑगस्ट-सप्टेंबर हा डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावून देण्याच्या, धंद्यात अहवालांचा हंगाम. सहकारी संस्थांना आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. त्यामुळे कऱ्हाड परिसरातल्या पतसंस्था, दूध संस्था, सोसायट्या सगळ्यांचे ताळेबंद, नफा-तोटा पत्रकं आणि चेअरमनची मनोगतं एकाच वेळी माझ्या टेबलावर येतात. गेल्या हंगामात त्यांच्या जोडीला एका शाळेच्या अमृत महोत्सवाची स्मरणिकाही होती. तिच्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या घरून जुने फोटो आणून दिले होते. ते स्कॅन करून ज्याचे त्याला परत केले होते. काही फोटो परत मुंबईला गेले, काही बंगळूरला. हे सगळं काम एकाच ठिकाणी होतं: माझ्या मशीनच्या डी ड्राइव्हवर, म्हणजे एक टेराबाइटच्या साडेतीन इंची जुन्या हार्ड डिस्कवर. विंडोज आणि सॉफ्टवेअर वेगळ्या छोट्या एसएसडीवर, म्हणजे फिरत्या चकत्या नसलेल्या डिस्कवर, आहेत. ही रचना पुढे फार उपयोगी पडली.

त्या डिस्कने कुरबुर सुरू केली ती फोटोशॉपमध्ये. एखादी फाइल उघडताना मशीन वीस-तीस सेकंद गप्प व्हायचं, माऊस हलायचा पण क्लिक लागायचं नाही, आणि मग काहीच झालं नाही अशा थाटात सगळं पुढे चालू. असं झालं की आपल्याकडे पहिला संशय व्हायरसवर, दुसरा रॅमवर. मी टास्क मॅनेजर उघडून बसले आणि पुढच्या वेळी मशीन अडकलं तेव्हा आकडे बघितले. डी ड्राइव्हपुढे वापर १०० टक्के, आणि वाचनाचा वेग मात्र शून्य केबी. डिस्क पूर्ण ताकदीने काहीतरी करतेय आणि हाती काहीच येत नाही, याचा अर्थ ती एकाच जागी पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतेय.

मग विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. त्यात ‘सिस्टिम’ या भागात ‘डिस्क’ या नावाने झालेल्या नोंदी शोधल्या. इव्हेंट क्रमांक ७ म्हणजे डिस्कवर बॅड ब्लॉक, अर्थात खराब जागा, सापडली, क्रमांक १५३ म्हणजे वाचन-लेखन फसलं म्हणून पुन्हा करावं लागलं. दोन्ही नोंदी होत्या, आणि त्यांच्या वेळा मशीन अडकलेल्या वेळांशी जुळत होत्या. आपल्याला वाटतं की मशीन मुकाट्याने बिघडतं. वास्तविक ते रोज लिहून ठेवत असतं, कुणी वाचत नाही इतकंच.

नेहमीच्या हार्डवेअरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “ताई, आणून टाका, फॉरमॅट मारून देतो. नाहीतर रात्री चेकडिस्क लावून ठेवा, बॅड सेक्टर जातील.” चेकडिस्क म्हणजे विंडोजमधलं डिस्क तपासून दुरुस्त करायचं साधन, आणि सेक्टर म्हणजे डिस्कवरचा मजकुराचा लहानात लहान कप्पा. त्याचा हेतू चांगला होता आणि बहुतेक जण हेच सांगतात. पण मनाला पटेना. माझा मामेभाऊ पुण्यात एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो, त्याला विचारलं. त्याने पहिला प्रश्न विचारला, “आवाज येतोय का?”

“कसला?”

“टक्-टक्, ठराविक अंतराने.”

कॅबिनेटला कान लावला. फिरण्याचा एकसुरी आवाज होता, टकटक नव्हती. “मग ठीक आहे,” तो म्हणाला, “अजून आपल्या हातात आहे. टकटक असती तर म्हटलं असतं मशीन आत्ताच्या आत्ता बंद कर आणि डेटा रिकव्हरीच्या लॅबला फोन लाव. आता ऐक ताई, त्या डिस्कवर काहीही लिहायचं नाही. सेव्ह नाही, डिलीट नाही, चेकडिस्क तर नाहीच. आधी प्रत, मग दुरुस्ती.”

पुढचं सगळं काम या एका वाक्यावर चाललं, म्हणून त्यामागचं कारण सांगते.

हार्ड डिस्कच्या डबीत गुळगुळीत चकत्या असतात. माझ्या डिस्कच्या चकत्या मिनिटाला ७,२०० फेरे घेतात. चकती फिरते तेव्हा हवेचा पातळ थर तयार होतो आणि वाचणारं-लिहिणारं हेड त्या थरावर तरंगतं, पृष्ठभागापासून अवघ्या काही नॅनोमीटरवर. धुळीचा कण या अंतरापेक्षा कितीतरी मोठा असतो. म्हणूनच डिस्कचं झाकण घरी उघडू नये. एखाद्या जागी पृष्ठभाग खराब झाला, किंवा हेडच अशक्त झालं, की त्या जागेवरचा मजकूर वाचता येत नाही. चेकडिस्कला ‘आर’ हा पर्याय लावून चालवलं तर ते सगळा पृष्ठभाग तपासतं, खराब जागेवर घुटमळत राहतं आणि फाइलींच्या नोंदवहीत स्वतःच्या समजुतीप्रमाणे दुरुस्त्या करतं. नोंद तुटलेले तुकडे ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरात क्रमांक देऊन टाकतं. त्यातून आपली फाइल ओळखून काढणं हे वेगळंच दिव्य. निरोगी डिस्कवर हे साधन उत्तम आहे. वीज गेल्यामुळे नोंदी बिघडल्या असतील तर तेच वापरावं. पण जिचा पृष्ठभाग जातोय अशा डिस्ककडून तासन् तास मेहनत करून घ्यायची आणि शिवाय तिच्यावरच लिहायचं, यात उरलंसुरलं गमावण्याचा धोका आहे. चेकडिस्क प्रतीवर चालवता येतं. तिथे बिघडलं तर पुन्हा प्रत काढता येते.

एक बारीक गोष्ट त्याने आवर्जून सांगितली. विंडोजला डिस्कमध्ये गडबड दिसली की पुढच्या वेळी सुरू होताना ते आपणहून चेकडिस्क लावतं. पडद्यावर काही सेकंद उलटी मोजणी दिसते, तेवढ्यात कुठलंही बटण दाबलं की ते टळतं.

आता डिस्कची तब्येत बघायची होती. १९९०च्या दशकापासून हार्ड डिस्कमध्ये ‘स्मार्ट’ नावाची सोय असते. डिस्क स्वतःच्या चुका, तापमान, चाललेले तास यांची मोजदाद आतच ठेवते. ती बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर एसएसडीवर टाकलं. उघडल्यावर डी ड्राइव्हच्या चौकोनात पिवळ्या रंगात ‘कॉशन’. बरेच लोक इथेच थांबतात, रंग बघून घाबरतात किंवा निळा दिसला की निर्धास्त होतात. खरं वाचायचं असतं ते खालच्या तक्त्यात.

त्या तक्त्यात तीसेक ओळी भरतात, पण चारच ओळींवर बोट ठेवायचं. क्रमांक ०५: खराब ठरवून कायमच्या बदललेल्या सेक्टरांची संख्या. डिस्ककडे काही राखीव सेक्टर असतात. एखादा पक्का खराब झाला की त्याचं काम राखीवाकडे दिलं जातं. क्रमांक सी-५: वाचता न आलेले, निकाल लागायचे बाकी असलेले सेक्टर. क्रमांक सी-६: तपासणीतही दुरुस्त न झालेले. आणि सी-७: डिस्क आणि मदरबोर्डमधल्या देवाणघेवाणीतल्या चुका. हा शेवटचा आकडा वाढत असेल तर दोष बहुधा साटा केबलचा असतो. केबल बदलायला काही फारसा खर्च येत नाही. पण आकडा न बघता लोक चांगली डिस्क भंगारात काढतात. माझ्याकडे सी-७ शून्य होता, म्हणजे केबल निर्दोष.

०५ समोरही शून्य. पण सी-५ आणि सी-६ समोर शून्यांच्या रांगेच्या शेवटी १८. मी मामेभावाला “अठरा” म्हणून सांगितलं तर तो म्हणाला, “हे सॉफ्टवेअर आकडे षोडशमान पद्धतीत दाखवतं. एक सोळा अधिक आठ, म्हणजे चोवीस.” मग म्हणाला, “चोवीसला आठाने भाग.” तीन. आजकालच्या डिस्कांवर खरा सेक्टर ४,०९६ बाइटचा असतो, पण जुन्या सॉफ्टवेअरशी जुळावं म्हणून डिस्क तो ५१२ बाइटच्या आठ तुकड्यांत दाखवते. म्हणून बऱ्याच डिस्कांत हा आकडा आठाच्या पटीत वाढतो. म्हणजे सगळ्या टेराबाइटमधल्या जेमतेम तीन जागा नादुरुस्त, मिळून १२ किलोबाइट. ऐकून बरं वाटलं. पण त्याने लगेच गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचं सांगितलं. एक लाखाहून अधिक डिस्कांवरून काढलेला निष्कर्ष: पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक निघाल्यानंतर ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता, अशी चूक न निघालेल्या डिस्कपेक्षा ३९ पट. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त अस्वस्थ करणारी वाटली. बंद पडलेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी, तापमान सोडलं तर, स्मार्टमधल्या एकाही आकड्यातून आधी सूचना दिली नव्हती. म्हणजे पिवळा दिसला तर तो खरा मानायचा, आणि निळा दिसला म्हणून विसंबायचं नाही. माझ्या डिस्कने निदान आधी सांगितलं.

माझी बाहेरच्या डिस्कवरची प्रत दर महिनाअखेरची असते. म्हणजे जुलैपर्यंतचं सगळं सुरक्षित होतं. ऑगस्टचे अहवाल आणि स्मरणिकेचे फोटो तेवढे फक्त या डिस्कवर. आधी ‘चालू कामं’ हा फोल्डर बाहेर काढायचा ठरलं. बाहेरची डिस्क लावून कॉपी सुरू केली. अहवाल सगळे आले. पेजमेकरच्या फाइली, एक्सेलमधले ताळेबंद, कोरलमधली मुखपृष्ठं एकेक करून सरकत गेली. स्मरणिकेच्या फोल्डरात एका टिफ फाइलवर, म्हणजे स्कॅन केलेल्या फोटोच्या फाइलवर, हिरवी पट्टी थबकली आणि मशीन पुन्हा गप्प. मी ती फाइल वगळून बाकीचे फोटो काढून घेतले आणि मशीन बंद केलं. त्या रात्री अहवालांची प्रुफं दुसऱ्या मशीनवरून वेळेत गेली. फोटो मात्र डोक्यात राहिला. १९६०च्या दशकातल्या एका वर्गाचा गटफोटो होता तो, मूळ प्रत पूर्वीच्या मुख्याध्यापकांच्या घरची. तोच फोटो पुन्हा आणायला सांगता आलं असतं, पण मला त्या फाइलीपर्यंत पोचायचंच होतं. शिवाय उरलेल्या दोन खराब जागा कुठे आहेत, कुठल्या जुन्या कामाच्या पोटात आहेत, हे कळल्याशिवाय स्वस्थता नव्हती.

दुसऱ्या दिवशी दोन टेराबाइटची नवी डिस्क आणली. पेनड्राइव्हवर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी मशीन चालवणारी दुसरी प्रणाली, घालून मशीन त्यावरून सुरू केलं आणि जीएनयू डीडीरेस्क्यू हे साधन वापरलं. हे साधन डिस्कवरच्या फाइली बघतच नाही; पहिल्या सेक्टरापासून शेवटच्यापर्यंत सगळं जसंच्या तसं उतरवतं. विंडोजची कॉपी खराब जागेवर डोकं आपटत बसते. हे साधन तिथे अडलं की ती जागा टिपून ठेवून पुढे उडी मारतं, आधी सगळं सोपं सोपं गोळा करतं आणि अवघड जागांकडे शेवटी वळतं. दमलेल्या डिस्ककडून काम करून घ्यायची हीच पद्धत योग्य.

आज्ञा टाइप करण्याआधीची पाच मिनिटं या सगळ्या खटाटोपात सर्वांत महत्त्वाची. लिनक्समध्ये डिस्कांची नावं एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी असतात आणि जुनी कोणती, नवी कोणती हे नावावरून कळत नाही. उलटसुलट झालं तर कोऱ्या डिस्कची प्रत जुन्यावर उतरेल आणि सगळं पुसलं जाईल. म्हणून दोन्ही डिस्कांच्या लेबलवरचे अनुक्रमांक कागदावर उतरवले, पडद्यावर दिसणाऱ्या अनुक्रमांकांशी अक्षर-अक्षर जुळवले, आणि कामावरच्या मुलाला मोठ्याने वाचायला लावून पुन्हा जुळवले. मुद्रितशोधनात आम्ही आकडे असेच तपासतो, एकाने वाचायचं, दुसऱ्याने बघायचं. सवय कामी आली.

पावसाळ्यात आमच्याकडे लाइटचा भरवसा नसतो, तेव्हा मशीन यूपीएसवर घेतलं. कॅबिनेटची बाजू उघडून समोर टेबलफॅन लावला. एंटर दाबलं.

सुरुवातीला सेकंदाला १५० एमबीच्या आसपास वेग. पडद्यावर किती वाचलं, किती राहिलं, किती ठिकाणी अडलं हे आकडे बदलत असतात. डिस्कच्या बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात जास्त मजकूर मावतो म्हणून वेग जास्त, आत जावं तसा तो उतरतो. हे नैसर्गिक आहे. पण मध्येच वेग एकदम केबीवर आला तेव्हा पोटात गोळा आला. अडलेल्या जागांपुढे एक आकडा उमटला. डिस्कने दोनतीनदा हलकासा खरखरीत आवाज केला. साधनाने ती जागा सोडली, वेग पुन्हा वर गेला. मी खुर्चीतून उठून चहा ठेवला.

हे साधन एक नकाशाची फाइल लिहीत जातं. ती मी पेनड्राइव्हवर ठेवली होती. लाइट गेली, मशीन बंद पडलं, तरी त्या नकाशावरून काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. साध्या एडिटरमध्ये ती उघडते: प्रत्येक ओळीत जागेचा पत्ता, लांबी आणि शेवटी एक चिन्ह. अधिकचं चिन्ह म्हणजे वाचलं, उणेचं म्हणजे नाही वाचता आलं, प्रश्नचिन्ह म्हणजे अजून हात लावलेला नाही. पहिली फेरी संध्याकाळी संपली तेव्हा सगळा नकाशा अधिकच्या चिन्हांनी भरलेला होता, मधे तीन छोट्या फटी. मग त्या फटींच्या कडा खरवडून वाचायची फेरी, आणि शेवटी पुनःप्रयत्नांची. रात्रभर चालू ठेवलं. सकाळी दोन जागा वाचल्या गेल्या होत्या. एकच उणे उरलं होतं: ४,०९६ बाइट.

एक टेराबाइटमधून चार किलोबाइट गेले. पण ते कुणाच्या पोटातले?

हे शोधायची युक्ती मला फार आवडली. डीडीरेस्क्यूला सांगता येतं की नकाशात जिथे उणे आहे, तिथे नव्या प्रतीवर मी दिलेला मजकूर भर. एरवी कुठल्याही फाइलीत सापडणार नाही असा एक निरर्थक शब्द मी घेतला आणि त्याने ती जागा भरून टाकली. मग प्रतीवरच्या सगळ्या फाइलींमध्ये तो शब्द शोधायला लावला. जागा रिकामी असती तर कुठेच सापडला नसता. बराच वेळ शोध चालला आणि एका नावावर येऊन थांबला: तीच टिफ फाइल, वर्गाचा गटफोटो. उरलेल्या वीस वर्षांच्या कामांना, लग्नपत्रिकांना, दिवाळी अंकांना, संस्थांच्या अहवालांना धक्का लागलेला नव्हता.

मशीन बंद करून जुनी डिस्क काढली, नवी जोडली आणि मगच विंडोज सुरू केलं. दोन्ही एकदम जोडून चालत नाही. प्रतीवर डिस्कची ओळखसुद्धा हुबेहूब उतरलेली असते, त्यामुळे दोन सारख्या डिस्का दिसल्या की विंडोज त्यांतली एक बाजूला ठेवतं. आता नव्या डिस्कवर चेकडिस्क चालवलं, यावेळी अगदी निःशंक मनाने. फाइलींच्या नोंदी निर्दोष निघाल्या. एक टेराबाइटचं विभाजन डिस्क मॅनेजमेंटमधून वाढवून पूर्ण जागा मोकळी करून घेतली.

फोटो उघडला. टिफ फाइल कॉम्प्रेस न करता ठेवलेली होती, म्हणून ती उघडली तरी. आठ बाय दहा इंच, ३०० डीपीआय म्हणजे इंचाला ३०० ठिपके, सीएमवायके म्हणजे छपाईच्या चार रंगांत. अशा चित्रात एका ठिपक्याला चार बाइट लागतात. गेलेल्या ४,०९६ बाइटचे झाले १,०२४ ठिपके. म्हणजे छपाईत साडेतीन इंचांच्या आत, आणि जाडी एका इंचाचा तीनशेवा भाग. झूम करून बघितलं तर मधल्या रांगेतल्या मुलांच्या सदऱ्यांवरून रंगीबेरंगी ठिपक्यांची एक रेष गेली होती, ठराविक अंतराने तेच तेच रंग पुन्हा येत होते. मी भरलेला तो शब्दच चित्रात रंग होऊन उमटला होता. चेहऱ्यांना रेष शिवली नव्हती. वरच्या-खालच्या ओळींतले ठिपके घेऊन ती बुजवायला फारसा वेळ लागला नाही. हेच चार किलोबाइट एखाद्या झिप फाइलीच्या किंवा पेजमेकर फाइलीच्या मोक्याच्या जागी असते, तर कदाचित आख्खी फाइल उघडली नसती. तेव्हापासून महत्त्वाचे स्कॅन मी कॉम्प्रेस न करता ठेवते. जागा जाते, जाऊ दे. आयबीएमने १९५६ साली आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये २४ इंची ५० चकत्या होत्या आणि त्यात ५० लाख अक्षरं मावत. माझा हा एक फोटो पावणेतीन कोटी बाइटांच्या वर आहे. जागेची कंजूषी करायचे दिवस गेले.

जुन्या डिस्कचं काय करायचं? आता ती मोकळी होती, म्हणून तिच्यावर प्रयोग केला. पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यं लिहून काढली. लिहिताना डिस्क प्रत्येक संशयित सेक्टर पुन्हा तपासते. लिहिलं गेलं तर तो सुटतो, नाही तर राखीव सेक्टर त्याची जागा घेतो. झाल्यावर बघितलं: सी-५ शून्य, ०५ समोर ८. पिवळा रंग तसाच, पण मशीन अजिबात अडकेना. इथेच लोक फसतात, बॅड सेक्टर गेले म्हणून तीच डिस्क पुन्हा कामाला लावतात. मी तिला स्मार्टची लांब चाचणी लावली. ही चाचणी डिस्क स्वतःच, आतल्या आत, सगळा पृष्ठभाग वाचून करते आणि तिला काही तास लागतात. पहिल्या खेपेला पास झाली. काही दिवसांनी पुन्हा लावली तर अर्ध्यावर वाचनाच्या चुकीने थांबली आणि सी-५ पुन्हा वर चढलेला. मग मात्र तिचा नाद सोडला. तिच्यावर कधीकाळी संस्थांच्या सभासदांच्या याद्या होत्या, खातेक्रमांक होते. शून्यं लिहिलेली असली तरी भंगारवाल्याला तशीच दिली नाही, चकत्यांवर ओरखडे ओढून मगच ई-कचऱ्यात टाकली.

आता देखभालीचं. बाजारात ‘पीसी क्लीनर’, ‘डिस्क डॉक्टर’ असल्या नावांची जी सॉफ्टवेअरं मिळतात, त्यांची हार्ड डिस्कला काडीची गरज नाही. डीफ्रॅगचा, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे सलग लावण्याचा, आग्रहही जुना झाला. फिरत्या डिस्कवर विंडोज ते आपणहून ठरल्या वेळी करतं, आणि एसएसडीवर डीफ्रॅग करूच नये. तिथे विंडोज ट्रिम नावाची वेगळी आज्ञा देतं आणि तेवढं पुरतं. उष्णतेचं भय मलाही होतं. पण त्याच २००७ च्या अभ्यासात थंड ठेवलेल्या डिस्का जास्त टिकतात असं काही आढळलं नव्हतं, फार चढलेल्या तापमानालाच थोडा त्रास दिसला. म्हणून पंख्यांवरची धूळ ब्लोअरने काढायची, हवा खेळती ठेवायची, आणि पुढे तापमानाचा घोर लावून घ्यायचा नाही. त्यापेक्षा धक्का वाईट. डिस्क फिरत असताना कॅबिनेट सरकवणं, बाहेरची डिस्क चालू असताना टेबलावर आडवी-उभी करणं, हे मी कुणालाच करू देत नाही. आणि वीज. भर लिहिताना लाइट गेली की फाइलींच्या नोंदी अर्ध्या राहतात. यूपीएसची बॅटरी उतरलेली असेल तर यूपीएस असून नसल्यासारखा, म्हणून मेन स्विच बंद करून तो किती वेळ टिकतो हे अधूनमधून बघते.

जिचा खरा उपयोग झाला ती गोष्ट म्हणजे वही. कागदावर तारीख, आणि प्रत्येक डिस्कचे ०५, सी-५, सी-६, सी-७ हे चार आकडे. महिन्याला एकदा. एकट्या आकड्याला अर्थ कमी. ०५ समोर ८ असून वर्षानुवर्षं ८ च राहिलेली डिस्क चालू शकते, पण ८ चे १६ आणि १६ चे ४० झाले तर ती निघाली असं समजायचं. ही वाढ रंगावरून कळत नाही, वहीवरून कळते. एसएसडीचे आकडे वेगळे असतात, उरलेलं आयुष्य टक्क्यांत मिळतं, तेही लिहिते. एसएसडी बऱ्याचदा कुरकुर न करता एकदम बंद पडते, म्हणून तिच्यावर मी चालू कामाची फाइल ठेवत नाही.

महिनाअखेरची प्रत आता हंगामात रोज रात्रीची झाली. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी, हा सर्वमान्य ठोकताळा आहे. माझ्याकडे मशीनमधली डिस्क, दुकानातली बाहेरची डिस्क, आणि चालू कामं क्लाउडवर. बाहेरच्या डिस्का दोन आहेत, एक घरी असते, आठवड्याला अदलाबदल. डीटीपीवाल्यांसाठी आणखी एक: फॉन्टची प्रत विसरू नका. आपली जुनी कामं युनिकोडपूर्व फॉन्टांत आहेत. पेजमेकरची फाइल सुखरूप राहिली आणि फॉन्ट हरवला, तर पडद्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. फॉन्ट, त्यांची इन्स्टॉलेशन फाइल, आणि प्रत्येक झालेल्या कामाची पीडीएफ, हे सगळं एकाच फोल्डरात.

आणि प्रत उघडून बघायची. माझ्याकडचा मुलगा दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवरचं कुठलंतरी जुनं काम निवडतो, दुसऱ्या मशीनवर उघडतो, एक पान प्रिंट काढतो आणि मला दाखवतो. गेल्या शनिवारी त्याने एका पतसंस्थेचा दहा वर्षांपूर्वीचा ताळेबंद काढला. जोडाक्षरं जागेवर होती, बेरजेच्या रेषा जागेवर होत्या. मी वहीत तारीख घातली आणि त्याला पुढचा फोल्डर नेमून दिला.